राखीव जागा राखताना : नाशिकमधल्या दिव्यांग पार्किंगच्या प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४ : हद्द आणि अधिकार

दिव्यांगांसाठी राखीव पार्किंग नीट आखलेलं आणि मोकळं राहावं म्हणून आम्ही स्वयंसेवकांनी काम तीन ठिकाणी धरलं आहे. गंगापूर रोडवरची दवाखान्यांची एक इमारत (पुढे ‘इमारत अ’), कॉलेज रोडवरचं एक व्यापारी संकुल (‘इमारत ब’) आणि शालिमार भागातला रस्त्याकडेचा एक तुकडा. तिन्हीकडे नियम वेगवेगळ्या वाटेनं लागू होतो. इमारतीच्या आवारात राखीव जागा सांभाळायची जबाबदारी मालकाची किंवा सोसायटीची. रस्त्यावर महापालिका आणि वाहतूक पोलीस. हा फरक आधी लक्षात घेतला नाही तर आवारातल्या गाडीसाठी पोलिसांना फोन होतात, त्यातून काही निघत नाही आणि चार जणांचा उत्साह तिथेच संपतो.

स्वयंसेवकाला दंड करता येत नाही. जॅमर लावणं, हवा सोडणं, काचेवर चिकट स्टिकर मारणं यातलं काहीही करायचं नाही. गाडीची वाट अडवून उभं राहिलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली तक्रार आपल्यावरच होऊ शकते, काच किंवा रंग खराब झाला तर कलम ३२४. आपल्या हातात राहतं ते मोजमाप, पत्र, रंग, नोंदवही आणि रखवालदाराशी नीट बोलणं. एवढ्यातून बरंच होतं, पण क्रम चुकवून चालत नाही: आधी कागद, मग रंग, मग माणूस.

परवाच, ८ नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयाचा राजीव रतुरी प्रकरणातला निकाल आला. दिव्यांग व्यक्ती हक्क नियम २०१७ मधला नियम १५(१) रद्द झाला, कारण कायदा सुगम्यतेची (दिव्यांगांना जागा सहज वापरता येण्याची) मानकं बंधनकारक म्हणतो आणि नियमानं ती निव्वळ मार्गदर्शक ठेवली होती. नवी बंधनकारक मानकं करायला केंद्राला तीन महिने दिले आहेत. ती येईपर्यंत आमच्या पत्रांचा भर ‘मार्गदर्शक तत्त्वां’वर नाही, राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीवर (युडीसीपीआर) आहे. बांधकाम परवानगी तिच्यावरच मिळते, त्यामुळे ‘हे फक्त सुचवलेलं आहे’ असं मालकाला म्हणता येत नाही.

१७ नोव्हेंबर : मोजमाप

सामान: ३० मीटरचा टेप, खडू, २ फुटी लेव्हल, एक रिकामी व्हीलचेअर. व्हीलचेअर सोबत हवीच. टेपला जे सापडत नाही ते तिच्या पुढच्या छोट्या चाकांना लगेच सापडतं.

नियमावलीनुसार प्रवेशद्वाराजवळ किमान दोन कारची जागा, दारापासून जास्तीत जास्त ३० मीटर, जागेची रुंदी किमान ३.६ मीटर आणि राखीव असल्याचा ठळक फलक. इमारत अ मध्ये एकच जागा रंगवलेली होती, तीही जनरेटरमागे. रुंदी २.५ मीटर, म्हणजे इतर कुठल्याही कारएवढीच. दारापर्यंतचं अंतर सरळ रेषेत २२ मीटर भरतं, पण व्हीलचेअर ज्या वाटेनं जाते त्या वाटेनं ४१. अंतर नेहमी चाकांच्या वाटेनं मोजा आणि स्केचवर ती वाट बाणांनी दाखवा. मालकाचा माणूस सरळ रेषेचाच आकडा धरून बसतो.

वाटेत दोन अडथळे. एक, १५ सेंटिमीटरचा कठडा. १:१२ उतारानं त्याला १.८ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. तिथे मिस्त्रीनं ६० सेंटिमीटरचा सिमेंटचा उंचवटा करून ठेवला होता, त्यावरून व्हीलचेअर ढकलली की मागे कलंडते. दोन, भोकांचे गवती पेव्हर. त्यांत पुढचं चाक रुततं, कुबडीचं टोकही. राखीव जागेखाली आणि तिथून दारापर्यंत हे पेव्हर असतील तर ते काढायलाच लागतात, वरून रंग मारून काही होत नाही.

जागा ३.६ मीटर का लागते हे प्रत्येक बैठकीत दाखवावं लागतं. कार २.४ मीटरच्या पट्ट्यात उभी राहते. उरलेले १.२ मीटर दार पूर्ण उघडायला, खुर्ची दाराला चिकटून लावायला आणि माणसाला सीटवरून खुर्चीत सरकायला. हा आखलेला पट्टा लोकांना ‘रिकामी जागा’ वाटतो आणि सगळी भांडणं त्याच पट्ट्यावर होतात.

२५ नोव्हेंबर : कागद

निवडणुकीची आचारसंहिता संपली, आता पत्रव्यवहार.

सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे इमारतीचा मंजूर नकाशा. त्यात पार्किंगचा तक्ता असतो. राखीव जागा नकाशात दाखवून पूर्णत्वाचा दाखला घेतला असेल, तर ती जागा आता दुसऱ्या कामाला वापरणं हेच नकाशाचं उल्लंघन ठरतं. प्रत आधी सोसायटी किंवा वास्तुविशारदाकडे मागा, बहुतेक वेळा मिळते. नाही मिळाली तर माहिती अधिकारात महापालिकेच्या नगररचना विभागाकडे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. नकाशा, फलक आणि तक्रारी असे तीन विषय एका अर्जात कोंबले की उत्तर पहिल्याच विषयाचं मिळू शकतं, बाकीच्यांसाठी नवा अर्ज करावा लागतो आणि महिना वाया जातो. मुदत ३० दिवस, त्यानंतर पहिलं अपील २० रुपयांच्या स्टॅम्पवर.

इमारत अ चा नकाशा सोसायटीच्या कपाटातच निघाला. राखीव जागा दोन, दाराशेजारी, अगदी नियमाप्रमाणे. त्या जागी आज डॉक्टरांच्या गाड्या लागतात. पत्रात कलमांची माळ लावली नाही. नकाशाची झेरॉक्स, त्यावर लाल पेनानं गोल आणि खाली आत्ताचा फोटो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ८९ चा उल्लेख शेवटच्या एका ओळीत: पहिल्या उल्लंघनाला १० हजारांपर्यंत दंड, पुढच्याला ५० हजार ते ५ लाख. पत्राची सुरुवातच दंडानं केली तर ते थेट वकिलाकडे जातं आणि पुढच्या बैठकीला चहा नसतो.

१ डिसेंबर : आखणी ठरली, आणि स्कूटरचा प्रश्न

नियम कार डोळ्यासमोर ठेवून लिहिलेला आहे. इथल्या दवाखान्यात येणारे दिव्यांग चालक मात्र बहुतांशी साइड व्हील लावलेल्या स्कूटरवर येतात. त्यांना कारची जागा दिली तर स्कूटर मध्येच उभी राहते, दोन्ही बाजूंना बाइक घुसतात आणि स्कूटर आत कोंडते. या स्कूटरची तीन वैशिष्ट्यं आखणीत धरावी लागतात.

मागच्या जादा चाकांमुळे रुंदी १.१ ते १.२ मीटर होते. कुबड्या बाजूला अडकवलेल्या असतात, म्हणून निदान एका अंगाला उभं राहायला जागा हवी. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि हमखास सुटणारी: बहुतेक स्कूटरला रिव्हर्स गियर नसतो. पायात बळ नसलेल्या माणसानं ती मागे ढकलायची कशी? म्हणून स्कूटरची जागा आरपार हवी, एका टोकानं आत आणि दुसऱ्या टोकानं बाहेर.

दाराशेजारच्या चार साध्या जागा, मिळून १० मीटर रुंदी, अशा वाटल्या: कार २.४ + आखलेला पट्टा १.२ + कार २.४, आणि पुढच्या ४ मीटरमध्ये स्कूटर १.४ + पट्टा १.२ + स्कूटर १.४. मागे २ मीटरचा बोळ आहे, तिकडून स्कूटर बाहेर पडते. दोन कारच्या मध्ये एकच पट्टा ठेवल्यानं डावं दार उघडायचं असो की उजवं, गाडी सरळ किंवा उलटी लावून कोणालाही तो वापरता येतो. जागा एकटीच असेल तर दवाखान्यात पट्टा डाव्या हाताला घ्या. तिथे दिव्यांग व्यक्ती चालकापेक्षा शेजारच्या सीटवरून जास्त वेळा उतरते.

सोसायटीच्या समितीचा आक्षेप ‘चार गाड्या गेल्या’. त्यांना दाखवलं की स्कूटर धरून जागा चारच वाहनांची आहे. ठराव मंजूर झाला. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत तिथेच मागून घ्या, नंतर ती मागताना फार वेळ जातो.

८ डिसेंबर : स्टेन्सिल

चिन्ह १ मीटर बाय १ मीटर, खाली ‘राखीव’ हा शब्द. पहिलं स्टेन्सिल ५ मिमी सनबोर्डचं, हातानं कापलेलं. पहिल्याच वापरात कडा रंग पिऊन फुगल्या. दुसरं १ मिमी जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याचं, अंबडच्या लेझर कटिंगवाल्याकडून, १,८०० रुपयांत. हे टिकलं.

देवनागरी स्टेन्सिल करताना दोन ठिकाणी घात होतो. ‘व’च्या पोटातला तुकडा कापल्यावर सुटून पडतो, त्याला १० मिमीचे दोन पूल ठेवावे लागतात. आणि शिरोरेषा सलग कापली तर एक मीटर लांब चीर तयार होते, पत्रा तिथे लवतो आणि खालून रंग शिरतो. प्रत्येक अक्षरानंतर शिरोरेषा तोडा. लांबून वाचताना डोळा ती आपोआप जोडून घेतो. फाइल संगणकावरच्या फाँटमधून जशीच्या तशी देऊ नका, कटिंगवाला पूल टाकून देत नाही.

पत्र्याच्या कडांना दोन हँडल रिव्हेट करून घ्या. ओला पत्रा सरळ वर उचलायचा असतो, सरकला की चिन्हाला शेपूट फुटतं.

१५ डिसेंबर : रंग, पहिला प्रयत्न. फसला

सकाळी साडेसातला सुरुवात केली, गाड्या यायच्या आत व्हावं म्हणून. नाशिकच्या डिसेंबरात त्या वेळी काँक्रीट दवानं ओलं असतं. हाताला ओल लागत नाही, पण पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बसवून अर्धा तास ठेवला तर खालून धुकं धरतं. पट्टे दुसऱ्याच दिवशी टायरबरोबर सोलून आले.

दुसरा दोष रंगाचा. चिन्हामागचा निळा चौकोन साध्या ऑइल पेंटचा मारला होता. दिसायला झकास. त्यावर बादलीभर पाणी ओतून कुबडीचं रबरी टोक दाबून ओढलं, तर ते काचेवरून सरकावं तसं सरकलं. पावसाळ्यात याच चौकोनावर कुबडी टेकवून माणूस उतरणार आहे. सगळं घासून काढलं. गेलेला खर्च ९०० रुपये आणि दोन दिवस जागा बंद.

२२ डिसेंबर : रंग, दुसरा प्रयत्न

या वेळचा क्रम: तारेच्या ब्रशनं घासणं, ब्लोअरनं धूळ काढणं, तेलाचे डाग डिटर्जंटनं धुणं, पूर्ण दिवस वाळवणं. रंगकाम दुपारी १२ ते ३. जागा आदल्या रात्रीच फीत बांधून रिकामी ठेवली. रविवार असल्यानं जमलं.

रंग ऑइल पेंट नाही, रस्त्याच्या पट्ट्यांसाठी मिळणारा रोड मार्किंग पेंट. पहिला हात पातळ, दुसरा जाड, आणि दुसरा ओला असतानाच त्यावर बारीक चाळलेली कोरडी वाळू शिंपडायची. पांढऱ्या पट्ट्यांवर वाळूऐवजी काचेचे मणी, रात्री हेडलाइटमध्ये चमकतात. निळा चौकोन चिन्हाभोवती १.२ मीटरचाच ठेवला, अख्खी जागा निळी केली नाही. रंग जितका कमी तितकी घसरण कमी, शिवाय दरवर्षी परत मारायचाही कमी.

दोन कार आणि मधल्या पट्ट्याचा हिशोब: ५ मीटरच्या चार उभ्या रेषा आणि मागची ६ मीटरची आडवी, १० सेंटिमीटर रुंद, म्हणजे २.६ चौरस मीटर. पट्ट्यातल्या तिरप्या रेषा साधारण १ चौरस मीटर. दोन चिन्हं आणि अक्षरं धरून पांढरा एकूण साडेचारच्या आसपास, निळा ३. खरखरीत काँक्रीटवर एक लिटर एका हाताला ४ ते ५ चौरस मीटरच जातो. दोन हातांना पांढरा २ लिटर, निळा दीड. डब्यावर छापलेला पसारा गुळगुळीत पृष्ठभागाचा असतो, त्यावर विसंबून खरेदी केली की ऐन दुपारी दुकान गाठावं लागतं.

फलकही लावले. तळाची कडा जमिनीपासून ७ फुटांवर, म्हणजे समोर कार उभी राहिली तरी दिसतो. मजकूर: ‘दिव्यांग व्यक्तींच्या वाहनांसाठी राखीव. आखलेल्या पट्ट्यात कोणतेही वाहन लावू नये.’ खाली व्यवस्थापकाचा फोन. खासगी आवारातल्या फलकावर दंडाचा आकडा लिहू नका. वसूल करायचा अधिकार कोणाला, असं एकानं विचारलं की फलकाचं वजन गेलं.

२९ डिसेंबर : पट्ट्यात बाइक

कार येत नाहीत. पट्ट्यात मात्र सकाळी दहाच्या आत बाइक लागतात, औषधवाल्यांच्या आणि डिलिव्हरीवाल्यांच्या सगळ्यांत आधी. ‘दोनच मिनिटं’ हे उत्तर ठरलेलं. कारच्या दारात बाइक उभी असली की राखीव जागा असून नसल्यासारखी. माणूस गाडीत बसून राहतो आणि बाइकवाला वर रांगेत.

५ जानेवारी २०२५ : खांब, साखळी, शंकू

खांब सगळ्यांत आधी सुचतात. पण व्हीलचेअरला ९० सेंटिमीटर मोकळी वाट लागते आणि बाइकचं हँडल साधारण ७५ सेंटिमीटरचं. व्हीलचेअर जाईल त्या फटीतून बाइक जाणारच. बाइक अडेल असा अडथळा व्हीलचेअरही अडवतो. हे गणित कुठल्याही खांबानं सुटत नाही, विकणारा काहीही म्हणो.

साखळी त्याहून वाईट. ती काढायला गाडीतून उतरावं लागतं, आणि उतरायला जागा हवी म्हणून तर माणूस तिथे आलेला असतो.

शंकू चालतात, पण उचलून बाजूला ठेवणारा माणूस नेमून दिलेला असेल तरच. पट्ट्याच्या तोंडाशी एक आणि प्रत्येक जागेत एक. हलके प्लॅस्टिकचे शंकू वाऱ्यानं आणि बंपरनं फिरत राहतात. रबरी तळाचे, ७५ सेंटिमीटरचे, ४५० रुपयांना एक याप्रमाणे घेतले.

खरा फरक पडला तो बाइकची सोय केल्यावर. जनरेटरमागची जुनी ‘राखीव’ जागा आणि शेजारचा कोपरा मिळून ‘१५ मिनिटं – फक्त दुचाकी’ असा आखला, आणि तिकडे जाणारा बाण गेटवरच रंगवला. नाही म्हणायच्या आधी ‘तिकडे लावा’ म्हणता आलं की रखवालदाराचं अर्धं भांडण मिटतं. हे रंगकामाच्या दिवशीच करायला हवं.

१२ जानेवारी : रखवालदार

सगळा प्रकल्प या माणसावर उभा आहे.

इमारत अ च्या गेटवरचे काका स्पष्ट बोलले: “साहेब, बाइकवाल्याला सांगतो मी. पण डॉक्टरांच्या गाडीला कसं हटकू? उद्या मलाच घरी बसवतील.” बरोबर आहे त्यांचं. बारा तासांची ड्यूटी, एजन्सीची नोकरी. त्यांच्याकडून धैर्याची अपेक्षा करण्यापेक्षा त्यांच्या हातात लेखी आदेश द्यायला हवा.

समितीकडून तीन कागद करून घेतले. पहिला, सर्व डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांना परिपत्रक, प्रत्येकाच्या सहीनिशी पोच घेतलेलं. दुसरा, एजन्सीला पत्र, की राखीव जागा मोकळी ठेवणं हा या गेटच्या ड्यूटीचा भाग आहे. तिसरा, खिशात मावेल असं लॅमिनेट केलेलं कार्ड, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला हिंदी. त्यावर चारच वाक्यं:

‘ही जागा दिव्यांगांसाठी राखीव आहे. समितीचा लेखी आदेश आहे. तुमच्या गाडीसाठी जागा तिकडे आहे. अडचण असेल तर व्यवस्थापकांशी बोला.’

गेटवरच्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला: ‘राखीव जागा – स. ९, दु. १२, सायं. ६’. मोकळी, दिव्यांग वाहन किंवा इतर वाहन, आणि इतर असेल तर नंबर. एजन्सी माणसं बदलत राहते, नव्या माणसाला तोंडी सांगितलेलं तिसऱ्या दिवशी विरतं, पण रजिस्टरचा रकाना रिकामा ठेवायला तो कचरतो. दवाखान्यात सायंकाळची वेळ सोडू नका, ओपीडीची खरी गर्दी तेव्हाच असते.

१९ जानेवारी : चिठ्ठी

वायपरखाली ठेवायची चिठ्ठी, पोस्टकार्डाच्या आकाराची, गोंद नाही. मजकुरावर बराच खल झाला. ‘लाज वाटत नाही का’ छापाचे मजकूर बाद केले, त्यानं गाडी हलत नाही आणि चिडलेला माणूस रखवालदारावर राग काढतो. ठरलेला मजकूर:

‘नमस्कार. आपली गाडी दिव्यांगांसाठी राखीव जागेत / आखलेल्या पट्ट्यात उभी आहे. हा पट्टा मोकळा नसेल तर व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीला गाडीतून उतरताच येत नाही. कृपया पुढच्या वेळी समोरची जागा वापरा. वेळ: ____ नोंद क्र. ____’

वेळ आणि नोंद क्रमांक पेननं लिहायचे. छापील कागदाला लोक जाहिरात समजतात, हातानं लिहिलेला आकडा दिसला की वाचतात. बाइकवर चिठ्ठी सीट आणि टाकीच्या फटीत खोचा. ब्रेकच्या दांडीला किंवा केबलला काहीही बांधायचं नाही.

फेरीला नेहमी दोघांनी जायचं, गळ्यात ओळखपत्र, वादाला तोंड फुटलं की बाजूला व्हायचं. चालकाचा व्हिडिओ काढायचा नाही.

२ फेब्रुवारी : हक्क कोणाचा, हे कसं ओळखायचं

सगळीकडे चालेल असा पार्किंगचा एकच परवाना आपल्याकडे गाडीवर लावलेला नसतो. म्हणून ओळखीच्या तीन खुणा धरल्या. साइड व्हील किंवा हातानं चालवायची यंत्रणा असलेलं वाहन. आरसीवर मालकीच्या प्रकारात ‘दिव्यांगजन’ अशी नोंद, मोटार वाहन नियमांतल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर ती करता येते. किंवा प्रवाशाचं युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. तिन्हीपैकी एक पुरे.

कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यातले बरेच डोळ्यांना दिसत नाहीत. चालत उतरला म्हणजे खोटा, असं धरायचं नाही. रखवालदारानं एकदाच विचारायचं, “दादा, कार्ड आहे का?” दाखवलं की विषय संपला. कार्डाचा फोटो घ्यायचा नाही, आजार विचारायचा नाही. कार्ड घरी राहिलं म्हणणाऱ्याला त्या दिवशी जागा द्यायची. दहातला एखादा गैरफायदा घेईल, पण खऱ्या माणसाला गेटवर सगळ्यांदेखत अपंगत्व सिद्ध करायला लावणं त्याहून वाईट. चारचौघांत कोणी दिव्यांग व्यक्तीचा मुद्दाम अपमान केला तर याच कायद्याचं कलम ९२ आहे, सहा महिने ते पाच वर्षं कैद. ते रखवालदाराच्या कार्डावर नाही, समितीच्या परिपत्रकात घातलं.

१६ फेब्रुवारी : इमारत ब

इथे पार्किंग तळघरात. लिफ्ट तळघरापर्यंत येते का हे आधी पाहा. इथली येत नव्हती, तळमजल्यापासून सुरू. तळघरात कितीही सुंदर जागा आखली तरी माणूस वर जाणार कसा? जागा तळमजल्यावर, समोरच्या मोकळ्या भागात मागितली. तो भाग एका दुकानानं मांडणीसाठी घेतलेला होता. नकाशात तो पार्किंगचाच निघाला, तरी मोकळा होईपर्यंत इथे रंगाचा ब्रश लावायचा नाही असं ठरवलं. मांडणीच्या शेजारी घाईनं काढलेली अरुंद जागा एकदा स्वीकारली की तीच कायमची होते.

२ मार्च : रस्ता

रस्त्यावर स्वतः रंग मारू नका, खांबही पुरू नका. हेतू कितीही चांगला असला तरी त्या पट्ट्याला कायद्याचं पाठबळ नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ ते ११७ खाली अधिकृत अधिसूचना निघाली, तिच्याप्रमाणे फलक लागला, की मगच तिथली गाडी नियमभंग ठरते आणि कलम १७७ खाली चलन होतं, पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा केल्यास १,५०० रुपये. अधिसूचना नसलेल्या पट्ट्यावर पोलिसांनी कारवाई करावी अशी अपेक्षा धरणं त्यांच्यावरही अन्याय आहे.

प्रस्ताव महापालिका आणि पोलिसांची वाहतूक शाखा, दोन्हीकडे एकाच दिवशी, एकाच मजकुराचा दिला. सोबत मापांसह स्केच, रस्त्याची रुंदी, जवळच्या चौकापासूनचं अंतर, फुटपाथला उतार आहे की नाही, आणि सकाळ-दुपार-संध्याकाळचे फोटो. रस्त्याकडेची जागा समांतर पार्किंगची असते, तिथे उजवं दार वाहत्या रहदारीत उघडतं. म्हणून शक्यतो गल्लीच्या तोंडाजवळचा शेवटचा टप्पा मागावा. तिथे गाडी सरळ आत येते, आणि मागे किंवा पुढे गाडी नसल्यानं खुर्ची काढायला जागा मिळते.

आणखी एक मागणी याच पत्रात घातली: २०२७ च्या सिंहस्थासाठी ज्या रस्त्यांचं डांबरीकरण होईल, त्यांच्या अंदाजपत्रकातच राखीव जागेचे थर्मोप्लास्टिक पट्टे आणि फलक धरावेत. नंतर मागितलं तर स्वतंत्र निधी शोधावा लागतो, आणि आधी मारलेला पट्टा नव्या डांबराखाली जातो.

अधिसूचित जागा असेल तिथे तक्रार महाट्रॅफिक ॲपवरून. एकाच फोटोत गाडीचा नंबर, जमिनीवरचं चिन्ह आणि फलक, तिन्ही दिसले पाहिजेत. त्यासाठी तिरपं, गाडीच्या मागच्या कोपऱ्यापासून सात-आठ पावलं लांब उभं राहावं लागतं. नुसत्या नंबर प्लेटचा जवळून काढलेला फोटो काहीच सिद्ध करत नाही.

१९ मार्च : रंगपंचमी

जुन्या नाशकात रहाडी (रंगाच्या पाण्याचे मोठे हौद), रस्ते बंद, गाड्या वळून इकडे. इमारत अ च्या चारही राखीव जागा सकाळीच भरल्या आणि बदली रखवालदाराला समितीचं चार वाक्यांचं कार्ड माहीत नव्हतं. सणाच्या आदल्या दिवशी शंकू आधीच लावून ठेवायचे आणि बदली माणसाची सही रजिस्टरच्या पहिल्या पानावर घ्यायची, असं एजन्सीच्या पत्रात वाढवलं.

१३ एप्रिल : पावसाळ्याआधी

रजिस्टर चाळलं. ‘इतर वाहन’ अशा नोंदी आता मुख्यतः सायंकाळी ६ च्या रकान्यात आहेत आणि नंबर तेच ते. अनोळखी लोकांपेक्षा रोज येणारे जास्त. त्यांच्यासाठी चिठ्ठी पुरत नाही. व्यवस्थापकानं नंबरवरून गाळामालकाला फोन करायचा, तीन नोंदींनंतर समितीचं लेखी पत्र. पहिली पत्रं गेली.

रंग उन्हानं तापलेल्या टायरखाली उचलतो, विशेषतः कार वळते त्या बाहेरच्या कोपऱ्यात. तिथे मेअखेर एक हात परत मारायचा. जून ते सप्टेंबर रंगकाम नाही. निळ्या चौकोनावरची वाळू झिजली का हे पुन्हा पाणी ओतून, कुबडीच्या टोकानं तपासायचं. कुबडीच्या टोकाची रबरं झिजलेली असतात, म्हणून चाचणी नव्या रबरानं न करता जुन्या रबरानं करायची.

रॅम्पचं काम झालं. १.८ मीटर लांब, पृष्ठभागावर आडव्या बारीक रेघा ओढलेल्या. रॅम्पच्या पायथ्याशी मात्र मिस्त्रीनं २ सेंटिमीटरची पायरी सोडली आहे. डोळ्यांना दिसत नाही, व्हीलचेअर लावली की अडते. ती काढून मिळेपर्यंत त्याचं शेवटचं बिल समितीनं थांबवलं आहे.

इमारत ब मधली मांडणी अजून तिथेच. नकाशाच्या प्रतीसह तक्रार महापालिकेकडे गेली आहे. तीस दिवसांत काही हाललं नाही तर पुढचा अर्ज पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे. त्यांनी शिफारस केली तर संबंधित प्राधिकरणाला कार्यवाही करून तीन महिन्यांच्या आत कळवावं लागतं. त्या अर्जाला जोडायचे कागद: मंजूर नकाशा, मोजमापाचं स्केच, तारखांसह फोटो आणि आधीच्या पत्रांच्या पोचा. पोचा नसतील तर तो अर्ज करू नका, आधी त्या गोळा करा.